आम्ल आणि कोरणी : बारोच्चीच्या रीतीने तांब्यावर धार्मिक मुद्राचित्र कसे करावे

तांब्याच्या एकाच पत्र्यावर काही रेघा आम्लाकडून खोदून घ्यायच्या आणि उरलेल्या पोलादी कोरणीने स्वतः कोरायच्या, या मिश्र पद्धतीने सोळाव्या शतकात युरोपात अनेक धार्मिक चित्रे छापली गेली. पहिल्या प्रकाराला आपल्याकडच्या कलाशाळांत एचिंग म्हणतात, दुसऱ्याला एन्ग्रेव्हिंग. ज्यांनी दोन्ही थोडेफार हाताळले आहे त्यांनाही प्रश्न पडतो तो दोहोंची सांगड घालण्याचा : कोणते काम आम्लावर सोपवावे आणि कोणते कोरणीसाठी राखून ठेवावे? हा लेख मुख्यतः त्या एका प्रश्नाभोवती लिहिला आहे. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत हे काम करताना ज्या अडचणी येतात त्यांचा विचारही जागोजागी केला आहे, कारण थंड देशांतल्या सूचना जशाच्या तशा इथे लागू पडत नाहीत.

नमुना म्हणून इटलीतल्या उर्बिनो गावच्या फेदेरिको बारोच्ची या चित्रकाराचे ‘देवदूताचा निरोप’ या विषयावरील मुद्राचित्र समोर ठेवावे. गाब्रिएल देवदूत मरियेला येशूच्या जन्माची वार्ता सांगतो, तो हा प्रसंग. उर्बिनोचा ड्यूक फ्रान्चेस्को मारिया दुसरा याच्या लोरेतो येथील चॅपेलसाठी बारोच्चीने या विषयाचे मोठे रंगचित्र केले होते, ते आता व्हॅटिकनमध्ये आहे. त्यावरून १५८५ च्या सुमारास त्याने स्वतःच्या हाताने तांब्यावर हे चित्र उतरवले. छापा सुमारे ४४ सेंमी उंच आणि ३१ सेंमी रुंद आहे. बारोच्चीने उभ्या आयुष्यात अवघी चारच मुद्राचित्रे केली, पण या एका चित्रात मिश्र पद्धतीचे जवळजवळ सगळे धडे सापडतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात त्याची प्रत आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तिचे छायाचित्र खूप मोठे करून पाहता येते. काम सुरू करण्यापूर्वी एक संपूर्ण संध्याकाळ त्या छायाचित्रासाठी द्यावी.

ते पाहताना चित्राचा विषय क्षणभर विसरून फक्त रेघांची टोके पाहावीत. आम्लाने खाल्लेली रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण एकाच जाडीची असते, तिचे टोक बोथट असते आणि कडा किंचित खडबडीत असतात. कोरणीची रेघ केसाइतकी बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा निमुळती होऊन संपते, कारण कोरणी तांब्यात शिरताना हळूहळू खोल जाते आणि बाहेर पडताना वर येते. एवढा फरक डोळ्यांत बसला की मोठ्या चित्रातही कोणता भाग कोणत्या हत्याराचा आहे हे बहुतेक ठिकाणी ओळखता येते. चेहऱ्यांवर मात्र रेघा थांबतात आणि त्यांच्या जागी बारीक ठिपके येतात. मरियेच्या गालावरची मऊ सावली या ठिपक्यांनीच साधली आहे.

मिश्र पद्धतीला तांबेच का लागते, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. आउग्सबुर्गचा डॅनियल हॉप्फर चिलखतांवर आम्लाने नक्षी काढत असे आणि हीच विद्या पुढे छपाईकडे वळली, त्यामुळे सुरुवातीचे एचिंग लोखंडी पत्र्यांवर झाले. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युररनेही १५१५ ते १५१८ या काळात लोखंडावरच एचिंग करून पाहिले आणि पुढे ते सोडून दिले. लोखंडावर आम्ल चालते, परंतु कोरणी नीट चालत नाही. डच चित्रकार लुकास व्हान लायडनने १५२० मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनचे व्यक्तिचित्र तांब्यावर केले आणि त्यात दोन्ही पद्धती एकत्र आणल्या, तेव्हा ही वाट मोकळी झाली. आपल्या किनाऱ्यावर तर लोखंडाचा विचारच करू नये. घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पत्र्यावर इथे पावसाळी हवेत रात्रीतून गंज धरतो.

हे सारे परक्या मुलखाचे आहे असेही कोणी समजू नये. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला गेले, तेव्हा त्यांनी सोबत अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल नेले होते आणि त्यात तांब्यावर कोरलेली चित्रे होती. पुढे १६०० मध्ये अबुल हसन या दरबारी चित्रकाराने वयाच्या तेराव्या वर्षी ड्युररच्या एका कोरीव छाप्यातील संत योहानाची आकृती पाहून रेखाटली. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. थोडक्यात, असे कागद याच किनाऱ्यावरून वर गेले आणि त्यांच्यावरून नक्कल करत शिकण्याची रीत इथेही चारशे वर्षांची आहे.

काम कधी हाती घ्यावे

देवदूताच्या निरोपाचा सण २५ मार्चला, म्हणजे नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधी येतो, आणि योगायोगाने तो आपल्या कामाच्या वेळापत्रकात चपखल बसतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली की पत्रा तयार करावा, डिसेंबर-जानेवारीत आम्लाचे काम उरकावे, फेब्रुवारीत कोरणी चालवावी आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात छापे काढावेत. एप्रिल-मे महिन्यांत मेणाचा थर मऊ पडून बोटाला चिकटतो आणि सुईने उचललेली रेघ कडेने ओघळते. जून ते सप्टेंबरमध्ये ओला कागद वाळत नाही आणि न वाळलेल्या कागदाला बुरशी येते. त्या चार महिन्यांत फक्त रेखाटने करावीत आणि टाकाऊ तुकड्यांवर कोरणीचा हात बसवावा.

रेखाटन

पहिल्याच प्रयत्नात पूर्ण चित्राची नक्कल करू नये. बारोच्चीच्या चित्रात खालच्या कोपऱ्यात एक मांजर झोपलेले आहे. देवदूत आला तरी त्याला जाग नाही. साधारण १० बाय १२ सेंमीच्या पत्र्यावर एवढे मांजरच उतरवावे, म्हणजे केसांसाठी आम्ल आणि पोटाखालच्या दाट सावलीसाठी कोरणी, अशी दोन्ही कामे एकाच लहान आकृतीत शिकता येतात. ते जमल्यावर दुसऱ्या पत्र्यावर मरिया, देवदूत आणि मधली खिडकी अशी स्वतःची रचना करावी.

खिडकीकडे मुद्दाम लक्ष द्यावे. बारोच्चीने नाझरेथच्या घराच्या खिडकीतून चक्क उर्बिनोचा ड्यूकचा राजवाडा दाखवला आहे, म्हणजे बायबलमधला प्रसंग त्याने आपल्या गावात घडवला. तेच स्वातंत्र्य आपणही घ्यावे. कोर्लईच्या डोंगरावरचा किल्ला, मालवणच्या किनाऱ्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग, वसईच्या वाडीतली केळीची बाग, यांपैकी जे रोज डोळ्यांसमोर असेल ते खिडकीत यावे. माझ्या मते नुसत्या नकलेपेक्षा अशा चित्रातून बारोच्ची अधिक समजतो. मात्र छापा नेहमी उलटा उमटतो हे विसरू नये : पत्र्यावर डावीकडे काढलेले कागदावर उजवीकडे जाते. ओळखीच्या देखाव्यात ही चूक लगेच दिसते, म्हणून रेखाटन ट्रेसिंग पेपरवर करून तो कागद पालथा घालूनच पत्र्यावर उतरवावे.

पत्रा

तांब्याचा पत्रा तांबटाकडे किंवा धातूच्या दुकानात वजनावर मिळतो. सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचा घ्यावा; त्याहून पातळ पत्रा कोरणीच्या दाबाखाली वाकतो. चारही कडा कानशीने तिरप्या घासाव्यात, नाहीतर प्रेसमध्ये त्या धारदार कडा कागद आणि नमदा (कागदावर ठेवायचे जाड लोकरी कापड) दोन्ही कापतात. त्यानंतर पाण्याचा पॉलिश पेपर ४००, ८०० आणि १२०० या क्रमाने फिरवावा आणि शेवटी धातूच्या पॉलिशने पृष्ठभाग आरशासारखा करावा. या पायरीत आळस केला तर राहून गेलेला प्रत्येक ओरखडा शाई धरतो आणि पुढे आकाशात काळी रेघ होऊन उमटतो.

खाऱ्या वाऱ्यामुळे घासलेला पत्राही दोन-तीन दिवसांत काळवंडतो. तो काळेपणा घालवायला घरातले आमसूल आणि मीठ पुरते. तांब्याची भांडी घासतो तसाच पत्रा घासावा आणि भरपूर पाण्याने मीठ पूर्णपणे धुऊन काढावे. परंतु आमसुलाने तेलकटपणा जात नाही, आणि तेलकट तांब्यावर मेणाचा थर धरत नाही. म्हणून नंतर खडूची बारीक पूड पाण्यात कालवून कापसाने पत्रा पुन्हा घासावा. नळाखाली धरल्यावर पाणी थेंब न होता सलग पडद्यासारखे राहिले की पत्रा स्वच्छ झाला असे समजावे. यापुढे त्याला फक्त कडांनी धरावे.

मेणाचा थर

दोन भाग मधमाश्यांचे मेण, दोन भाग ॲस्फाल्टमची (डांबरासारख्या खनिजाची) पूड आणि एक भाग राळ, हे जुने आणि भरवशाचे प्रमाण आहे. मिश्रण उघड्या जाळावर कधीही वितळवू नये. पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मोकळ्या हवेत मंद आचेवर वितळवावे, गार होताना त्याचा गोळा वळावा आणि रेशमी कापडात बांधावा. पत्रा हात लावल्यास चटका बसेल इतपत गरम करून त्यावर हा गोळा फिरवला की मेण कापडातून झिरपून पसरते. कापूस भरलेल्या रेशमी बोळ्याने ते टिपत टिपत एकसारखे पातळ करावे. थर सोनेरी-तपकिरी आणि पारदर्शक दिसला पाहिजे. काळा दिसू लागला तर तो जाड झाला आहे आणि सुईखाली तुकडे होऊन उडेल.

थर गरम असतानाच पत्रा पालथा धरून खालून मेणबत्तीची काजळी धरावी. काजळी मेणात मुरते, थर काळा कुळकुळीत होतो आणि त्यावर सुईने काढलेली रेघ लालसर तांबे होऊन चमकते. ज्योत एका जागी थांबू देऊ नये, तिथले मेण जळते. पाठीमागची बाजू पॅकिंग टेपने पूर्ण झाकावी.

सुई म्हणून गोधडीची जाड सुई बांबूच्या काडीत बसवून तिचे टोक दगडावर किंचित गोल करून घ्यावे. सुईने फक्त मेण उचलायचे असते, तांबे खरवडायचे नसते. हात हलका ठेवावा, पण रेघेच्या तळाशी तांबे स्वच्छ दिसते की नाही हे भिंगातून पाहावे, कारण तळाशी राहिलेला मेणाचा पापुद्रा आम्लाला अडवतो आणि रेघ तुटक होते.

कामाची वाटणी

आता मूळ प्रश्न. आम्लाला हाताचा जोर कळत नाही; त्याला फक्त वेळ कळतो. सुईने रेघ कशीही काढली तरी तिची खोली ती आम्लात किती मिनिटे राहिली यावर ठरते. म्हणून जिथे हात मोकळा, वळणदार, रेखाटनासारखा चालला पाहिजे तिथे आम्ल वापरावे : केस, पंख, मांजराची लव, वस्त्राच्या बाह्यरेषा, खिडकीतला दूरचा देखावा. कोरणी उलट अत्यंत शिस्तीची आहे. तिला झटपट वळता येत नाही, पण एकाच रेघेत बारीक आणि जाड दोन्ही देता येते, आणि तिची इंग्रजी व्ही आकाराची खाच शाई इतकी घट्ट धरते की त्या रेघेचा काळेपणा आम्लाच्या रेघेला सहसा येत नाही. वस्त्राच्या घडीतली फुगत जाणारी सावली, फरशीच्या सरळ समांतर रेघा, खुर्चीखालचा अंधार, डोळ्याच्या बाहुलीचा शेवटचा ठिपका, ही कोरणीची कामे.

चेहरा दोघांत वाटून घ्यावा लागतो. सुईच्या टोकाने विरळ ठिपके देऊन त्यांना अगदी थोडा वेळ आम्ल दाखवावे आणि नंतर हनुवटीखाली, नाकपुडीजवळ, पापणीच्या कडेला कोरणीने इवल्या चिमट्यांसारखे ठिपके भरावेत. चेहऱ्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण लहान आकारात त्या जाळीने मरियेच्या गालावर सुरकुत्या दिसू लागतात.

क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे : आधी सगळे आम्ल, मग सगळी कोरणी. उलटे केल्यास कोरणीच्या बारीक खाचांवर मेण नीट बसत नाही, तिथून आम्ल आत शिरते आणि रेघेची धार जाते. म्हणून रेखाटनावरच दोन रंगांच्या पेन्सिलींनी वाटणी करून ठेवावी आणि कोरणीच्या जागा सुईने काम करताना रिकाम्या सोडाव्यात. त्या रिकाम्या जागांमुळे चित्र अर्धवट वाटते आणि हात शिवशिवतो, तरी त्या सोडाव्यातच.

आम्ल

घरी नायट्रिक आम्ल वापरू नये, त्याचा धूर घातक आहे. फेरिक क्लोराइड हे तांब्यासाठी पुरेसे आहे. सर्किट बोर्ड करण्यासाठी ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते. ते पूड किंवा खड्यांच्या रूपात असल्यास नेहमी पाण्यात थोडे थोडे टाकावे, त्यावर पाणी ओतू नये, कारण विरघळताना ते तापते. हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि उघड्या खिडक्या या गोष्टी सक्तीच्या समजाव्यात. भांडे प्लास्टिकचे असावे.

आधी तांब्याच्या एका पट्टीवर मेण लावून, रेघांचे चार गट काढून त्यांना अनुक्रमे ५, १०, २० आणि ४० मिनिटे आम्ल द्यावे आणि त्या पट्टीचा छापा काढून भिंतीवर लावावा. दुसऱ्या कोणाची मिनिटे आपल्या उपयोगाची नसतात. कोकणात सकाळी आणि दुपारी द्रावणाच्या तापमानात मोठा फरक पडतो आणि गरम द्रावण वेगाने खाते, म्हणून चाचणी ज्या प्रहरी घेतली त्याच प्रहरी खरे काम करावे.

आता बारोच्चीची युक्ती. तो पत्रा एकदाच आम्लात घालून मोकळा होत नसे. थोडे खाऊ देऊन पत्रा बाहेर काढी, ज्या रेघा फिक्या राहायला हव्यात त्या वार्निशाने झाकी आणि पत्रा पुन्हा आत घाली. समजा, चाचणीवरून खिडकीतल्या देखाव्याला ८, वस्त्रांना २० आणि पुढच्या आकृतींच्या गडद बाह्यरेषांना ४० मिनिटे हवीत असे ठरले. तर सगळा पत्रा ८ मिनिटे आत ठेवावा, काढून धुवावा, वाळवावा आणि खिडकी व चेहऱ्यावरचे ठिपके झाकावेत. पुढची १२ मिनिटे झाल्यावर वस्त्रे झाकावीत. उरलेली २० मिनिटे फक्त बाह्यरेषांची. चेहऱ्याचे ठिपके तर ८ मिनिटांच्याही आधी, चौथ्या-पाचव्या मिनिटालाच झाकलेले बरे.

झाकण्यासाठी सुताराकडे पॉलिशला लागणारी चपडा लाख स्पिरिटमध्ये दाटसर विरघळवून वापरावी आणि बारीक ब्रशने लावावी. दमट दिवशी लाखेचा थर वाळताना पांढुरका होतो आणि कमकुवत राहतो, म्हणून हे काम कोरड्या दुपारी करावे आणि थर पूर्ण वाळल्याशिवाय पत्रा पुन्हा आत घालू नये.

फेरिक क्लोराइडमध्ये बुडबुडे उठत नाहीत, त्यामुळे काही चालले आहे की नाही हे वरून कळत नाही. रेघेच्या तळाशी मात्र तपकिरी गाळ साचत जातो आणि तोच पुढे आम्लाला अडवतो. पत्र्याच्या चार कोपऱ्यांना मेणाच्या लहान गोळ्या चिकटवून तो पालथा ठेवावा, म्हणजे गाळ खाली पडतो. दर पाच मिनिटांनी भांडे हळूच हलवावे. बाहेर काढलेला पत्रा धुऊन तिरप्या प्रकाशात धरला की खाल्लेल्या रेघांची चमक जाऊन त्या गुलाबी, खरखरीत दिसतात. सुईचे टोक त्यांत हलकेच अडकू लागले की खोली येऊ लागली असे समजावे.

वापरलेले द्रावण कोणत्याही परिस्थितीत मोरीत, विहिरीजवळ, परसात किंवा खाडीत ओतू नये. त्यात विरघळलेले तांबे असते आणि ते मासळीला विषारी आहे. द्रावण संपल्यावर त्यात धुण्याचा सोडा हळूहळू घालून, फेस थांबेपर्यंत ढवळावे, गाळ खाली बसू द्यावा आणि तो बंद डब्यात भरून रासायनिक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्यावा. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात चौकशी केल्यास ती व्यवस्था कळते.

कोरणी

लाख स्पिरिटने आणि मेण रॉकेलने पुसून पत्रा स्वच्छ करावा. दोन्हींसाठी एकच द्रव वापरू पाहणारे लोक तासभर घासत बसतात. या टप्प्यावर एक कच्चा छापा काढून घ्यावा आणि त्यावरच पेन्सिलीने कोरणीच्या रेघा काढून पाहाव्यात.

कोरणी म्हणजे चौकोनी छेदाची पोलादी सळी, टोकाला तिरपी घासलेली, आणि मागे तळहातात बसेल अशी लाकडी मूठ. सोनाराच्या हत्यारांत तिची भावंडे असतातच. युरोपातही ही विद्या सोनारांच्याच दुकानात वाढली. आपल्या गावातल्या जुन्या सोनाराकडून हत्यार धारेला कसे लावावे हे शिकून घेण्यात कमीपणा मानू नये, कारण कोरणीच्या कामातला अर्धा त्रास बोथट हत्याराचा असतो. टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून पाहावे : घसरले तर धार नाही, रुतले तर आहे.

पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवावा. वाळू किनाऱ्यावरची घेतल्यास गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन उन्हात कडक वाळवावी, नाहीतर तिच्यातले मीठ चामडे आणि तांबे दोन्ही खराब करते. कोरणी जवळजवळ आडवी धरून तळहाताने पुढे ढकलावी, बोटांनी फक्त दिशा द्यावी. वळण घ्यायचे असेल तेव्हा हात स्थिर ठेवून डाव्या हाताने उशीवरचा पत्रा फिरवावा. वळणदार रेघेचे सगळे रहस्य एवढेच आहे. टोकापुढे तांब्याची बारीक कुरळी साल एकसारखी निघत राहिली तर कोन बरोबर आहे. साल तुटू लागली तर हत्यार फार खोल गेले आहे, आणि टोक पृष्ठभागावरून सटकले तर ते फार आडवे धरले आहे. डावा हात कधीही कोरणीच्या वाटेत ठेवू नये. सटकलेली कोरणी तळहातात खोल जाते.

रेघेच्या दोन्ही काठांना उठलेली तांब्याची धार तिधारी खुरपणीने अलगद कापून टाकावी. वस्त्राच्या घडीत कोरताना आम्लाच्या रेघांच्या मधोमध, त्यांच्याच वळणाने जावे. त्यांना आडवे छेदत सुटू नये. खिडकीतल्या देखाव्याला शक्यतो कोरणी लावूच नये, दोन-चार काळ्या रेघांनीही दूरचा किल्ला एकदम खोलीच्या आत येतो. नको असलेली रेघ तेल लावून गुळगुळीत पोलादी दांडीने दाबत घासली की उथळ असल्यास बुजते.

नाव घालायचे असेल तर तेही कोरणीनेच घालावे. बारोच्चीने आपल्या छाप्यावर ‘फेदेरिकुस बारोचियुस, उर्बिनो, इन्व्हेंटर एक्स्कुडिट’ अशा अर्थाचा लॅटिन मजकूर दिला, म्हणजे रचनाही त्याची आणि प्रकाशनही त्याचेच. आपण त्याचे मांजर किंवा मांडणी घेतली असेल तर ‘बारोच्चीवरून’ असे लिहिणे हा साधा प्रामाणिकपणा आहे. देवनागरी अक्षरे उलटी कोरताना आधी अक्षरांची अंगे कोरावीत आणि शिरोरेघ सर्वांत शेवटी एका दमात ओढावी. आधी शिरोरेघ काढली की अक्षरे तिला लोंबकळल्यासारखी दिसतात.

छपाई आणि जपणूक

छपाईला प्रेस लागतो, आणि तो बहुधा जवळच्या कला महाविद्यालयात परवानगी काढून वापरावा लागेल. रसवंतीगृहातल्या चरकाप्रमाणे त्यालाही दोन रूळ असतात, त्यांच्यामधून पाट, पत्रा, ओला कागद आणि नमदे एकत्र सरकतात. चमच्याने घासून छापण्याचा प्रयत्न या पद्धतीत फसतो, कारण कागदाला खाचेच्या तळाशी जाऊन शाई उचलावी लागते.

कागद सुती चिंध्यांचा, हातबनावटीचा घ्यावा. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून असा कागद करते. तो अर्धा तास पाण्यात भिजवून टिपकागदांमध्ये, प्लास्टिकखाली रात्रभर दाबून ठेवावा, म्हणजे ओल सारखी मुरते. एका दिवसात छापता येतील इतकेच कागद भिजवावेत. भिजलेला गठ्ठा इथल्या हवेत तिसऱ्या दिवशी वास मारू लागतो.

पत्रा किंचित कोमट करून तांब्यावरच्या छपाईची घट्ट काळी शाई पुठ्ठ्याच्या तुकड्याने सर्व दिशांनी खाचांत भरावी, कांजी केलेल्या जाळीदार कापडाने गोल गोल पुसावी आणि शेवटी खडूची चिमूट लावलेल्या तळहाताने झटके देत पृष्ठभाग साफ करावा. तळहाताच्या या शेवटच्या पुसण्यावर चेहऱ्याचा उजेड अवलंबून असतो. तिथे शाईचा धुरकट पडदा राहिला तर ठिपके बुडतात. निघालेले छापे टिपकागदांत घालून, वर लाकडी फळी ठेवून वाळवावेत आणि टिपकागद पूर्ण कोरडा निघेपर्यंत रोज बदलावे.

भिंतीवर लावायचा छापा काचेला चिकटू देऊ नये. मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट असावी, आणि चौकट पश्चिमेच्या भिंतीवर, जिथे पावसाची झड बसून ओल उतरते, तिथे टांगू नये. उरलेले छापे सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आडवे ठेवावेत आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी, कसर लागली आहे का हे पाहून पुड्या बदलाव्यात. पत्र्यावरची शाई रॉकेलने खाचांतून पूर्ण काढून त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा आणि तो मेणकागदात गुंडाळावा. पुढच्या दिवाळीनंतर तो उघडाल तेव्हा जेली पुसल्यावर खाचांमध्ये हिरवट डाग दिसतात का ते भिंगाने पाहावे, आणि दिसले तर छपाईआधी आमसुलाचे पाणी मऊ ब्रशने फिरवून, स्वच्छ धुऊन, पत्रा लगेच कोरडा करावा.